सेव्हन-इन-वनमधले सात कोण?

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी परवा पिशवीतून एक घडी पडलेलं कार्ड काढून ओट्यावर ठेवलं. त्यांच्या धाकटीने हट्टाने एक पिल्लू घरी आणलंय. विकणारा म्हणाला पॉमेरेनियन; कान बघता त्यात आणखी दोन-तीन जातींचा हात असावा. नाव चिंगी. वय बारा आठवडे, वजन जेमतेम दोन किलो. कार्डावर लशीच्या बाटलीचं एक स्टिकर चिकटवलेलं होतं आणि विकणाऱ्याने वर सांगितलं होतं, ‘सेव्हन-इन-वन झालंय, आता चिंता नाही.’

“ताई, सातही रोगांचं झालंय ना? मग डॉक्टर आणखी तीनदा का बोलावतात? एवढे पैसे कुठून आणू? यातलं कुठलं सोडलं तर चालेल, तेवढं सांगा.”

मी सात नावं मोजली. त्यांत रेबीज नव्हता.

तो त्यात नसतोच. पहिल्यांदा कुत्रं पाळणाऱ्या कितीतरी घरांत हा गैरसमज असतो. सात म्हटलं की आपल्याला वाटतं, महत्त्वाचं सगळं त्यात आलंच असणार. प्रत्यक्षात सातांची मोजणी साधारण अशी होते: डिस्टेंपर, पार्व्हो, यकृताला सूज आणणारा हिपॅटायटिस, अॅडिनोव्हायरसचा खोकला, श्वसनाचा आजार आणणारा पॅराइन्फ्लुएंझा आणि लेप्टो या जीवाणूचे दोन प्रकार. आता यातली गंमत बघा. हिपॅटायटिस आणि अॅडिनोव्हायरसचा खोकला हे दोन वेगळे रोग खरे, पण त्यांना थोपवणारा लशीतला विषाणू एकच. हिपॅटायटिसच्या मूळ विषाणूपासून लस केली तेव्हा काही कुत्र्यांचे डोळे निळसर धुरकट व्हायचे, म्हणून त्याच्या सौम्य चुलतभावाला कामाला लावलं. त्याने दोन्ही कामं केली आणि डब्यावरचा आकडा एकाने वाढला. लेप्टोचे दोन प्रकार दोनदा मोजले जातात. त्यामुळे सात की नऊ, या आकड्यावरून भाव ठरत असेल, पण कुत्र्याची सुरक्षितता ठरत नाही.

पैसे मोजके असतील तर पहिला रुपया रेबीजवर. इथे मी घासाघीस करणार नाही. बाकीच्या लशी कुत्र्यासाठी असतात, ही त्याच्याबरोबर झोपणाऱ्या पोरांसाठीही असते. रेबीजचा विषाणू चाव्याच्या जागेवरून नसांच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. लक्षणं दिसू लागली की मात्र माणूस काय, कुत्रं काय, उपचार जवळपास निरुपयोगी. लस तिसरा महिना पूर्ण झाला की देतात. सगळ्या लशींत हीच बहुधा सर्वांत स्वस्त असते आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नाममात्र पैशांत मिळू शकते. 28 सप्टेंबरला, म्हणजे लुई पाश्चरच्या स्मृतिदिनी, जागतिक रेबीज दिन असतो. त्या सुमारास अनेक ठिकाणी फुकट लसीकरणाची शिबिरं लागतात. लस न घेतलेल्या कुत्र्याला पिसाळलेल्या कुत्र्याने चावलं तर आपल्याकडे पाच इंजेक्शनांचा कोर्स देतात. एक वाचवायला गेलं की पाच भरावी लागतात.

आणि कुत्र्यांना लस देऊन माणसांचा रेबीज थांबतो, याचा दाखला शोधायला लांब जावं लागत नाही. 2013 ते 2019 या काळात गोव्यात पथकं गल्लोगल्ली फिरली. मोबाइलवरच्या नकाशाच्या आधाराने त्यांनी वर्षाला 95 हजारांवर कुत्री टोचली, म्हणजे एकूण कुत्र्यांपैकी सुमारे 70 टक्के. कुत्र्यांमधला रेबीज 92 टक्क्यांनी उतरला आणि माणसांचे मृत्यू शून्यावर आले.

दुसरा क्रमांक पार्व्होचा. हा तसा नवखा रोग. 1978 च्या सुमारास जगभरात पिल्लं अचानक रक्ताचे जुलाब होऊन मरू लागली, तेव्हा पशुवैद्यांना तो ओळखूही येईना. मांजरांच्या एका जुन्या विषाणूचं हे जवळचं भावंड निघालं. याला बाहेरून स्निग्ध पदार्थाचं आवरण नसतं, आणि हीच त्याची ताकद. साबण आणि सॅनिटायझर हे आवरण विरघळवून विषाणू मारतात. जिथे आवरणच नाही तिथे ते काय विरघळवणार? पार्व्हो मातीत, फरशीच्या फटीत महिनोन्‌महिने तग धरतो. जागा आधी धुऊन एका भागाला तीस भाग पाणी घातलेलं ब्लीच फिरवलं की तो जातो. ‘आमचं कुत्रं घराबाहेर पडतच नाही’ असं सांगणाऱ्यांना म्हणूनच मी चपला कुठे काढता ते विचारते. विषाणूला चिंगीपर्यंत पोचायला चिंगीने बाहेर जायची गरज नाही.

डिस्टेंपर हा गोवराचा नातलग, उन्हात लवकर मरणारा, पण एकदा मेंदूत शिरला की पिल्लू वाचलं तरी त्याचे झटके राहतात. 2018 मध्ये गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला नमुन्यांत हाच विषाणू सापडला होता. सिंहाला लोळवणारं दुखणं दोन किलोच्या चिंगीचं काय करेल, हे वेगळं सांगायला नको. पार्व्हो, डिस्टेंपर आणि अॅडिनोव्हायरस ही तिन्ही एकाच टोचणीत येतात, तेव्हा यातलं काय निवडू हा प्रश्न उरत नाही.

मग मावशींचा खरा प्रश्न राहतो: एकदा झालंय, तर पुन्हा का?

कार्डावरची तारीख आणि जन्मतारीख यांची वजाबाकी केली. स्टिकर लावलं त्या दिवशी चिंगी 38 दिवसांची होती. माझ्या मते ती लस बहुतेक वाया गेली. घोळ बाटलीत नव्हता, वेळेत होता. गाय व्यायली की पहिल्या दिवसांचा चीक आपण खरवसासाठी मागून आणतो. कुत्रीच्या चिकातही तेच बळ असतं. पिल्लाचं आतडं जन्मानंतर जेमतेम दिवसभर असं सैल असतं की आईची प्रतिपिंडं त्यातून सरळ रक्तात उतरतात. ही आईकडून मिळालेली शिदोरी. ती पिल्लाला पहिले काही आठवडे जपते, पण तिला चांगलं-वाईट कळत नाही. रोगाचा विषाणू आला तरी ती त्याला पकडते आणि लशीतला दुबळा विषाणू आला तरी त्यालाही पकडते. पिल्लाच्या स्वतःच्या पेशींना लस दिसायच्या आतच तिचा निकाल लागलेला असतो.

ही शिदोरी साधारण नऊ-दहा दिवसांनी निम्मी होत जाते. कुणाची आठव्या आठवड्यात संपते, कुणाची बाराव्या, एखाद्याची सोळाव्यापर्यंत पुरते. आईकडे मुळात किती होती आणि पिल्लाने पहिल्या दिवशी किती चीक ओढला, त्यावर ते अवलंबून. एकाच विणीतल्या दोन भावंडांतही फरक असतो, कारण दांडगी पिल्लं आधी आचळाला लागतात. त्यात एक वाईट टप्पा येतो: शिदोरी रोग अडवायला कमी पडते, पण लस बाद करायला पुरेशी असते. हा टप्पा कधी सुरू होतो आणि कधी संपतो हे बाहेरून कळत नाही. म्हणून डॉक्टर दर दोन-चार आठवड्यांनी दार ठोठावत राहतात. पिल्लांचे दोन-तीन डोस म्हणजे आधीच्यावर थर चढवणं नव्हे. त्यांतला कुठलातरी एक बरोबर वेळी लागावा, यासाठीची ती धडपड असते.

यातूनच पैशाचं उत्तर मिळतं. छोट्या प्राण्यांच्या पशुवैद्यांची जागतिक संघटना, डब्ल्यूएसएव्हीए, लसीकरणाचे जे नियम देते त्यात म्हटलंय की मालिकेतला शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच पडला पाहिजे. आणि परिस्थितीच अशी असेल की आयुष्यात एकदाच लस परवडणार आहे, तर ती एक लस सोळा आठवड्यांनंतर द्यावी. माझ्या दृष्टीने या विषयातलं हे सर्वांत उपयोगी वाक्य. पाचव्या, सातव्या आणि नवव्या आठवड्यात तीन डोस घेऊन थांबलेल्या पिल्लापेक्षा सोळा आठवड्यांनंतर एकच घेतलेलं पिल्लू सुरक्षित असण्याची शक्यता जास्त. (दोन घेता आले तर दोन घ्यावेत, कारण तोपर्यंतचे उघडे आठवडे धोक्याचे असतात.)

मावशींनी इथे मध्येच विचारलं, “एवढीशी आहे, तर अर्धं इंजेक्शन नाही का चालणार? अर्ध्या पैशांत?” प्रश्न भाबडा वाटतो, पण शहाण्यासुरत्यांकडूनही मी तो ऐकलाय. तापाचं औषध वजनावर मोजतात, कारण ते रक्तात सगळीकडे पसरून ठरावीक दाट व्हावं लागतं. लशीचं तसं नसतं. लस टोचल्या जागेजवळच्या लसिका-गाठीत जाऊन प्रतिकारपेशींना शत्रूचा चेहरा दाखवते. जिवंत लशीतला विषाणू तर आत गेल्यावर स्वतःच वाढतो. चेहरा ओळखू यावा इतकं किमान प्रमाण लागतंच, मग कुत्रं दोन किलोचं असो की चाळीस. अर्धा डोस म्हणजे अर्धं संरक्षण नव्हे, कदाचित काहीच नाही.

छोट्या कुत्र्यांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र खरी आहे. 2005 मध्ये अमेरिकेतल्या 12 लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. लशीनंतर तीन दिवसांत तोंड सुजणं, अंगावर गांध्या उठणं, उलट्या असा त्रास दर दहा हजारांत सुमारे 38 कुत्र्यांना झाला होता, म्हणजे तसा क्वचितच. पण दहा किलोपर्यंतच्या कुत्र्यांत, एकाच वेळी दिलेल्या प्रत्येक जादा इंजेक्शनामागे धोका 27 टक्क्यांनी वाढत होता. मोठ्या कुत्र्यांत 12 टक्क्यांनी. म्हणून चिंगीसारखीला रेबीज आणि सेव्हन-इन-वन वेगवेगळ्या दिवशी द्यावं आणि टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसून राहावं. यात एक फेरी वाढते, तिचे तपासणीचे पैसे वाढतात, हे मान्य. रेबीज सरकारी दवाखान्यात केला की तो हिशेब बराचसा जमतो. परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांजवळ राहणाऱ्यांनी तिथल्या दवाखान्यांतही जरूर चौकशी करावी.

लेप्टोचं उत्तर पत्त्यावर ठरतं. उंदरांच्या लघवीतून पाण्यात उतरणारा हा जीवाणू कुत्र्यालाही होतो आणि माणसालाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि पाणी ओसरल्यावर मुंबईत लेप्टोची साथ आली, हे अनेकांना आठवत असेल. कोकणात भातलावणीच्या दिवसांत तो दरवर्षी डोकं वर काढतो. अशा ठिकाणी, तळमजल्यावर, घराशेजारून गटार वाहत असेल तर लेप्टो ऐच्छिक मानू नये. मात्र मेलेल्या जीवाणूंपासून केलेल्या या लशीची आठवण वर्षभरच टिकते आणि सुरुवातीला दोन डोस लागतात. मावशींची चाळ ओढ्याकाठी आहे. त्यांना मी लेप्टो सोडू नका असंच सांगितलं.

सोडायचंच तर काय? कोरोना. हा आपला कोविडवाला नव्हे; कुत्र्यांच्या आतड्याचा, अगदी लहान पिल्लांत सौम्य जुलाब करणारा. त्याची लस घ्या, असं डब्ल्यूएसएव्हीए म्हणत नाही. नऊचा आकडा यानेच गाठत असेल तर सातच बरे. केनल कफ म्हणजे कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला; त्याची लसही कुत्र्याला पाळणाघरात ठेवणार असाल तरच. याउलट, वाचलेल्या पैशांत गोचिडांचं औषध आणा. गोचीड-तापाने आपल्याकडे कितीतरी कुत्री जातात आणि त्यावर आपल्याकडे लस नाही.

पुढच्या वर्षांतही बचत आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातले रोनाल्ड शुल्ट्झ यांनी लस दिलेली कुत्री वर्षानुवर्षं सांभाळून मग त्यांना मुद्दाम रोगाचे विषाणू दिले. डिस्टेंपर आणि पार्व्होविरुद्धचं संरक्षण सात-सात वर्षांनीही टिकून होतं. म्हणून सहा महिने ते वर्षाच्या वयात एक बूस्टर झाला की पार्व्हो, डिस्टेंपर आणि अॅडिनोव्हायरस या तिघांची लस तीन वर्षांतून एकदाहून जास्त वेळा लागत नाही. आपल्याकडे दरवर्षी पूर्ण सेव्हन-इन-वन टोचायची रीत पडली आहे. डॉक्टरांना सरळ विचारावं, ‘यंदा फक्त रेबीज आणि लेप्टो देता येईल का?’ ही दोन एकत्र असलेली लस मिळते. रेबीजचं प्रमाणपत्र चालू ठेवावंच. महापालिकेचा परवाना काढतानाही ते मागतात.

आणि लस औषधाच्या दुकानातून विकत घेऊन पिशवीतून नेऊ नये. ती 2 ते 8 अंशांत राहिली पाहिजे. उन्हात जिवंत लस मरते, बर्फाला थेट लागून गोठली तर रेबीजची बिघडते.

शेवटी आम्ही भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. आज एक सेव्हन-इन-वन, त्याचे पैसे महिन्याच्या हिशेबातून आधी घ्यायचे. पुढच्या आठवड्याअखेर सरकारी दवाखान्यात रेबीज. चिंगीचे सोळा आठवडे 28 तारखेला पूर्ण होतात आणि मावशींच्या हातात पैसे येतात पाच तारखेला.

“आठ दिवस उशीर होतोय ताई. आधीच उरकून घेऊ का, उसने घेऊन?”

“उशीर चालेल. आधी नको.”

त्यांनी सहा तारखेवर लाल गोल काढला, कार्ड घडी करून पिशवीत टाकलं आणि दारात पायात चपला सरकवता सरकवता थांबल्या.

“म्हणजे तोवर या बाहेरच.”