धुऱ्यावरची कळलावी

पोळ्याच्या सुमारास विदर्भातल्या एखाद्या पांदणीने चालत गेले, तर धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, बोरीच्या जाळीत किंवा जंगलकाठच्या बांबूच्या बेटात पिवळ्या-तांबड्या ज्वाळांसारखी फुले दिसतात. ही कळलावी. संस्कृतात तिला अग्निशिखा म्हणतात ते या फुलांमुळेच. परंतु तिचे दुसरे संस्कृत नाव, लांगली, मला अधिक मार्मिक वाटते. लांगल म्हणजे नांगर. हे नाव ज्याने ठेवले त्याने फूल पाहून समाधान न मानता वेल खणून पाहिली असली पाहिजे, कारण नांगराशी साम्य आहे ते जमिनीखालच्या कंदाचे.

हा मांसल कंद काटकोनात वाकलेला किंवा बेचकीसारखा दुफाटा असतो आणि त्याचा कोंब टोकाशीच असतो. टोक मोडले की उरलेला तुकडा सहसा रुजत नाही. चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो, सागाचे रान निष्पर्ण होते, पालापाचोळ्याला वणवा लागतो, तेव्हा कळलावीचे जमिनीवर काहीच नसते. मृगाचा पाऊस मुरला की कोंब वर येतो. साठवलेले अन्न संपवून जुना कंद सुकतो आणि त्याच हंगामात वेल पुढच्या वर्षासाठी नवा कंद भरते. सगळा कारभार पावसाळ्याच्या चार-पाच महिन्यांतला आहे.

तेवढ्या अवधीत तिला उजेड गाठायचा असतो. भर पावसाळ्यात सागाची रुंद पाने खाली दाट सावली धरतात, म्हणून ही वेल रानाच्या कडेला, विरळ जागी, झुडपांच्या आधाराने अधिक आढळते. कारले किंवा दोडका चढतो तो वेगळ्या तणाव्यांनी. कळलावीच्या पानाचे टोकच लांबत जाऊन तणाव्यासारखे वळते आणि काडी-काटा जे हाती लागेल त्याला विळखा घालते.

फुलाची रचना मात्र विलक्षण आहे. कळी खाली मान घालून लोंबते. उमलताना तिची सहा नागमोडी कडांची दले मागे वळून वर उभी राहतात. आधी हिरवट-पिवळी, मग नारिंगी आणि काही दिवसांत लालभडक होतात. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे बाजूंना पसरतात, तर स्त्रीकेसराची कुक्षिवृंत, म्हणजे बीजकोशावरची बारीक दांडी, बुडाशीच काटकोनात वळून एका बाजूला बाहेर येते. मध असतो दलांच्या तळाशी. मधासाठी पंख फडफडवीत आलेल्या फुलपाखराच्या पंखांना पराग लागतात आणि पुढच्या फुलाच्या कुक्षीवर, म्हणजे त्या दांडीच्या टोकावर, पोचतात. दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी ही फुले मुद्दाम वर तोंड करून बांधली, तेव्हा परागीभवन घटल्याचे दिसले. तेव्हा हे अधोमुख असणे निव्वळ दिखाऊ नव्हे.

कळलावी या नावात प्रसूतीच्या कळा आहेत. पूर्वी कंदाचा तसा वापर होत असे. तो कोणीही करू नये. या वेलीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात व बियांत, कोल्चिसिन हे तीव्र विष असते. पेशी दुभंगताना गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढणारे सूक्ष्म तंतू ज्या प्रथिनापासून बनतात, त्यालाच ते चिकटते, आणि विभाजन अर्ध्यावर अडते. म्हणूनच विषबाधेतून वाचलेल्या रुग्णाचे केस काही दिवसांनी गळू लागतात. हाच गुण हेरून १९३७ पासून वनस्पतिशास्त्रज्ञांनी पिकांची गुणसूत्रे दुप्पट करण्यासाठी कोल्चिसिन वापरले. गाउट या सांधेदुखीवर तर ते अत्यल्प मात्रेत आजही दिले जाते. औषधासाठी तमिळनाडूत शेतकरी कळलावीची लागवड करतात आणि तिथे विकले जाते ते मुख्यतः बी. रानातून कंदच खणून नेला, तर त्या जागी पुढच्या मृगात कोंब येणार कुठून?

कापूस वेचणीला येतो त्या दिवसांत धुऱ्यावरची वेल पिवळी पडून वाळते, बोंडे तडकतात आणि आतले तांबडे बी उघडे पडते.