ईश्वरसान्निध्याचा अनुभव : ख्रिस्ती उपासना व प्रार्थना

ईश्वरसान्निध्याचा अनुभव म्हणजे देव जवळ आहे, तो ऐकतो आहे आणि प्रतिसाद देतो आहे, अशी उपासनेत किंवा प्रार्थनेत होणारी जाणीव. ख्रिस्ती धर्मविचारात या संज्ञेला दोन पदर आहेत आणि ते वेगळे ठेवले नाहीत, तर पुढची सगळी चर्चा गढूळ होते. पहिला पदर उपस्थितीचा : देव सर्वत्र आहे आणि काही कृतींत, काही ठिकाणी विशेष रीतीने उपस्थित राहण्याचे त्याने वचन दिले आहे, ही श्रद्धा. दुसरा पदर त्या उपस्थितीच्या जाणिवेचा : मन निवणे, धाक वाटणे, डोळे पाणावणे, किंवा आपण एकटे नाही अशी साधी खात्री पटणे. वचन स्थिर मानले जाते, जाणीव येते आणि जाते. ख्रिस्ती पंथांमधले मोठे वाद बहुतांशी पहिल्या पदरावरून झाले, तर साधकांना मार्गदर्शन करणारे लेखन प्रामुख्याने दुसऱ्यासाठी झाले.

हिब्रू बायबलमध्ये सान्निध्यासाठी येणारा शब्द ‘पानीम’ हा असून त्याचा मूळ अर्थ ‘मुख’ असा आहे. देवापुढे येणे म्हणजे त्याच्या मुखापुढे येणे. पवित्रस्थानात मांडलेल्या आणि दर शब्बाथ दिवशी बदलल्या जाणाऱ्या बारा भाकरींनाही मूळ भाषेत ‘मुखाची भाकर’ असेच म्हटले आहे. मराठी बायबलात ती ‘समर्पित भाकर’ झाल्याने हा धागा वाचकाच्या हातून निसटतो. ‘परमेश्वर आपला मुखप्रकाश तुझ्यावर पाडो’ हा गणना ग्रंथातील आशीर्वाद आजही अनेक मंडळ्यांत (ख्रिस्ती भाविकसमुदायांत) उपासनेच्या शेवटी उच्चारला जातो. बायबलातील निर्गम या ग्रंथाच्या तेहतिसाव्या अध्यायात मात्र या शब्दातला पेच उघड होतो. मित्राने मित्राशी बोलावे तसा परमेश्वर मोशेशी समोरासमोर बोलत असे, असे त्या अध्यायात आधी सांगितले आहे, आणि थोड्याच ओळींनंतर देव मोशेला बजावतो की माझे मुख पाहून कोणी जिवंत राहू शकत नाही. मोशेला खडकाच्या कपारीत उभे केले जाते, तेज पुढे सरकेपर्यंत त्याच्यावर हात धरला जातो, आणि त्याला दिसते ती पाठमोरी आकृती. जवळीक आणि अंतर यांची ही एकत्र बांधणी पुढच्या ख्रिस्ती परंपरेने कधी सोडली नाही.

शलमोन राजाने यरुशलेमेत बांधलेल्या मंदिराच्या समर्पणाच्या वेळी मेघाने मंदिर इतके भरले की याजकांना सेवेसाठी उभे राहता येईना. त्याच प्रसंगी शलमोन विचारतो की, ज्याला आकाश आणि आकाशापलीकडचे आकाशही पुरत नाही त्याला मी बांधलेले हे घर कसे पुरणार? संदेष्ट्यांनी तर मंदिर आहे म्हणजे देव आहेच, या भरवशावरच आघात केला : ‘परमेश्वराचे मंदिर’ असे घोकणाऱ्यांना यिर्मया फटकारतो आणि यहेज्केलाला देवाचे तेज मंदिर सोडून जाताना दिसते. होरेब डोंगरावर एलीया या संदेष्ट्याला सोसाट्याचा वारा, भूकंप आणि अग्नी यांच्यानंतर एका मंद, शांत वाणीत देवाची चाहूल लागते. देवाचा ‘वास’ या अर्थी रूढ झालेला ‘शकीना’ हा शब्द बायबलातला नव्हे. तो नंतरच्या यहुदी धर्मपंडितांचा आहे.

नव्या करारात सान्निध्याचे केंद्र जागेवरून व्यक्तीकडे सरकते. शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली, असे योहानाच्या शुभवर्तमानात म्हटले आहे. तेथील ग्रीक क्रियापदाचा शब्दशः अर्थ ‘तंबू ठोकला’ असा होतो आणि मूळ वाचकाला त्यात रानातल्या निवासमंडपाची, म्हणजे मंदिरापूर्वीच्या उपासनेच्या तंबूची, आठवण होणे स्वाभाविक होते. येशूच्या मृत्यूच्या वेळी मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटतो. येशू शोमरोनी स्त्रीला सांगतो की, खरी उपासना शोमरोन्यांच्या डोंगराशी किंवा यरुशलेमेशी बांधलेली राहणार नाही. ‘जेथे दोघे किंवा तिघे माझ्या नावाने एकत्र जमले आहेत तेथे त्यांच्यामध्ये मी आहे’ हे मत्तयाच्या शुभवर्तमानातील वचन तर सामुदायिक उपासनेचा पायाच ठरले. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला ‘तुम्ही देवाचे मंदिर आहात’ असे लिहितो तेव्हा तो अनेकवचन वापरतो. त्याच पत्रात सान्निध्याची एक रोखठोक कसोटीही आहे : सभेत कोणी बाहेरचा माणूस आला आणि तेथले बोलणे त्याला समजून त्याच्या अंतःकरणाला भिडले, तर तो पालथा पडून कबूल करील की देव खरोखर तुमच्यामध्ये आहे. अर्थ न लागणाऱ्या भाषांचा गलबला झाला, तर मात्र तो म्हणेल की तुम्हाला वेड लागले आहे.

आद्य मंडळीच्या प्रार्थनेतला ‘मारानाथा’ हा अरामी शब्द दोन प्रकारे तोडता येतो. ‘मारान अथा’ म्हटले तर ‘आमचा प्रभू आला आहे’, आणि ‘माराना था’ म्हटले तर ‘आमच्या प्रभू, ये’. अभ्यासकांचा कल दुसऱ्या अर्थाकडे आहे. तरी उपासनेचा सारा ताण या एका शब्दात मावतो, कारण जो हजर आहे त्यालाच ‘ये’ म्हणून हाक मारली जाते.

इ. स. १५५ च्या सुमारास जस्टिन मार्टर या आद्य ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या उपासनेचे केलेले वर्णन उपलब्ध आहे. शास्त्रवाचन, प्रवचन, उभे राहून केलेली प्रार्थना, मग भाकर व द्राक्षारस यांवरील आभारप्रार्थना आणि त्यांचे वाटप, असा तिचा क्रम होता. त्यातला एक तपशील लक्षात राहण्याजोगा आहे : जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवक त्यांच्या घरी नेऊन देत. पश्चिमेकडील रोमन व पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स, या दोन्ही परंपरांच्या उपासनाविधीत यशयाने ऐकलेले ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ हे स्तवन आहे. आपण स्वर्गात चाललेल्या उपासनेतच सामील होत आहोत, अशी त्यामागची धारणा आहे.

भाकर आणि द्राक्षारस यांत ख्रिस्त नेमका कसा उपस्थित असतो, यावरून ख्रिस्ती जगात जितकी शाई सांडली तितकी क्वचितच दुसऱ्या प्रश्नावर सांडली असेल. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने या दोहोंचे ख्रिस्ताच्या शरीरात व रक्तात परिवर्तन होते, बाह्य रूप तेवढे उरते, अशी मांडणी स्वीकारली आणि १५५१ मध्ये ट्रेंट परिषदेने ती पुन्हा ठामपणे सांगितली. कॅथलिक चर्चमध्ये पवित्र भाकर ठेवलेल्या पेटीजवळ अखंड तेवणारा दिवा आणि आत येताच उजवा गुडघा टेकणारा भाविक, यांचा अर्थ या श्रद्धेतून लागतो. सुधारणावाद्यांत, म्हणजे रोमन चर्चपासून वेगळ्या झालेल्या प्रॉटेस्टंटांत, मात्र फूट पडली. ऑक्टोबर १५२९ मध्ये मारबुर्ग येथे मार्टिन ल्यूथर आणि उलरिख झ्विंगली समोरासमोर बसले, तेव्हा ल्यूथरने मेजावर खडूने ‘हे माझे शरीर आहे’ ही लॅटिन अक्षरे लिहून ठेवली आणि ‘आहे’ या क्रियापदावरून तो हटला नाही. झ्विंगलीच्या मते ‘आहे’चा अर्थ ‘दर्शवते’ असा होता. पंधरापैकी चौदा कलमांवर त्यांचे एकमत झाले, पण या मुद्द्यावर ते वेगळे झाले. पुढे जॉन कॅल्विनने तिसरी वाट काढली : ख्रिस्ताचे शरीर स्वर्गातच आहे, तथापि पवित्र आत्मा विश्वासणाऱ्याला त्याच्याशी खरोखर जोडतो. सुधारित मंडळ्यांत वेदीपेक्षा व्यासपीठाला आणि उघड्या बायबलला मध्यवर्ती स्थान मिळाले, कारण तेथे देव प्रामुख्याने वचनाच्या घोषणेतून भेटतो असे मानले जाते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी जाहीर केलेल्या उपासनाविषयक घोषणापत्रात मिस्साबलिदान, धर्मगुरू, संस्कार, शास्त्रवाचन आणि प्रार्थना व गायन करणारा समुदाय, या सर्वांत ख्रिस्ताची उपस्थिती सांगितली आहे. पवित्र भाकर व द्राक्षारस यांतील उपस्थितीला त्यात विशेष स्थान आहे.

वेदी आणि व्यासपीठ या दोन्ही टोकांपलीकडे इतर वाटा आहेत. जॉर्ज फॉक्सच्या (१६२४–९१) प्रेरणेतून उभ्या राहिलेल्या क्वेकर मंडळींच्या पारंपरिक सभेत वेदी नाही, गायन नाही, ठरलेला वक्ता नाही. सर्वजण निःशब्द बसतात आणि आतून प्रेरणा झाली तर कोणीतरी उठून चार वाक्ये बोलतो. पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणारी पेंटेकॉस्टल उपासना याच्या अगदी उलट, गजराची आहे. १९०५ पासून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आणि १९०६ मध्ये लॉस अँजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर अन्य भाषांत बोलणे, रडणे, सामूहिक मोठ्याने प्रार्थना करणे, असे प्रकार घडले आणि तो पवित्र आत्म्याचा वर्षाव मानला गेला. देव स्तवनात वास करतो, या स्तोत्रवचनाच्या आधारे आजच्या अनेक मंडळ्यांत गायन हेच सान्निध्याचे दार मानले जाते. वाद्यांचा चढता ठेका आणि मंद दिवे यांमुळे निर्माण झालेला भावावेग व देवाचे सान्निध्य यांत गल्लत होते, ही त्यावरची टीका त्याच मंडळ्यांतूनही होते आणि ती अनाठायी नाही. पण मोठे ऑर्गन, उदबत्तीचा धूर आणि रंगीत काचांतून येणारा प्रकाश यांनाही तोच प्रश्न विचारता येतो, हे टीकाकार सहसा विसरतात.

वैयक्तिक प्रार्थनेत सान्निध्याची सवय लावण्याच्या पद्धती मुख्यतः मठांत घडल्या. बाराव्या शतकातील कार्थुसियन संन्यासी दुसरा गिगो याने शास्त्रवाचनाची चार पायऱ्यांची शिडी सांगितली : वाचन, मनन, प्रार्थना आणि निःशब्द दर्शन. पूर्वेकडे ‘हेसिकिया’ म्हणजे निश्चलता, या नावाने साधना वाढली. साधक हनुवटी छातीकडे झुकवून, श्वासाच्या लयीत ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवपुत्रा, मज पाप्यावर दया कर’ एवढेच म्हणत राहतो. लोकरीच्या गाठी मारलेली जपमाळ बोटांतून सरकत असते. कॅलाब्रियाच्या बार्लामने या साधकांची ‘बेंबीत आत्मा शोधणारे’ अशी थट्टा केली, तेव्हा ग्रेगरी पालामासने (१२९६–१३५९) त्यांची बाजू घेतली. देवाचे सत्त्व माणसाला अगम्यच आहे, मात्र त्याची अनिर्मित शक्ती व प्रकाश यांत माणूस खरोखर सहभागी होऊ शकतो, हा त्याचा युक्तिवाद १३५१ च्या कॉन्स्टँटिनोपल सभेने मान्य केला. मोशेच्या कपारीतला जुना पेच येथे तत्त्वज्ञानाच्या भाषेत सुटलेला दिसतो.

सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स (मृत्यू १६९१) हा लंगडा, माजी सैनिक स्वयंपाकघरात राबत होता. पुढे तो चपला दुरुस्त करू लागला. ठरावीक प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत त्याला फरक वाटत नसे, आणि तव्यावरचे आम्लेट आपण देवाच्या प्रेमापोटी उलटतो, असे तो सांगे. त्याच्या मृत्यूनंतर संकलित झालेल्या संवाद-पत्रांतून ‘देवाच्या सान्निध्याचा सराव’ हा शब्दप्रयोग सर्व पंथांत रुळला. हा शब्द महत्त्वाचा आहे : सरावात मन भरकटते, ते न चिडता परत आणायचे असते. याच्या उलट अवचित, एकदाच येणाऱ्या अनुभवाचे उदाहरण म्हणजे गणितज्ञ ब्लेझ पास्काल. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री सुमारे साडेदहा ते साडेबारा या वेळात काय घडले, ते त्याने एका कागदावर, तारखेखाली ‘अग्नी’ हा शब्द लिहून, तुटक ओळींत टिपले आणि तो कागद अंगरख्याच्या अस्तरात शिवून ठेवला. १६६२ मध्ये त्याचे निधन झाल्यानंतर तो सापडला.

सान्निध्य न जाणवणे हादेखील या विषयाचाच भाग आहे. ‘तू माझ्यापासून आपले मुख कोठवर लपवणार?’ हा स्तोत्रकर्त्याचा प्रश्न उपासनेत म्हणण्यासाठीच ठेवलेला आहे. क्रुसाचा संत योहान (१५४२–९१) या कोरडेपणाला ‘काळोखी रात्र’ म्हणतो. त्याच्या मते त्यात देव दूर गेलेला नसतो, गोड भावनांची सवय सुटत असते. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोलाने दिलेला नियम अधिक व्यवहारी आहे : मन उजाड असताना आधीचा निर्णय बदलू नये. मदर तेरेसा यांची २००७ मध्ये प्रकाशित झालेली पत्रे वाचून अनेकांना धक्का बसला, कारण त्यांनी त्यांत दीर्घकाळच्या आंतरिक अंधाराची कबुली दिली होती.

अनुभव खरा की भ्रामक, हे त्याच्या तीव्रतेवरून ठरवू नये, यावर एरवी एकमेकांशी न पटणारे लेखक सहमत दिसतात. आव्हिलाची तेरेसा (१५१५–८२) शेजाऱ्यावरील प्रेम वाढले का, असे विचारते. अमेरिकेतील न्यू इंग्लंडमधील धार्मिक जागृतीच्या लाटेनंतर १७४६ मध्ये धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्सने हुंदके, थरथर आणि ओठांवर येणारी शास्त्रवचने यांना पुरावा मानण्यास नकार दिला. धर्मोपदेशक जॉन क्रिसोस्तोमने चौथ्या शतकात त्याहून कडक भाषा वापरली होती : वेदीवर ख्रिस्ताला रेशीम पांघरणाऱ्यांनी दाराबाहेर थंडीने कुडकुडणाऱ्या ख्रिस्ताकडे दुर्लक्ष करू नये.

धर्माच्या आधुनिक अभ्यासात मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १९०२ मध्ये अशा अनुभवांची वैयक्तिक निवेदने गोळा केली आणि धर्मशास्त्रज्ञ रुडॉल्फ ओटोने १९१७ मध्ये भय व ओढ एकाच वेळी निर्माण करणाऱ्या ‘पवित्र’ या तत्त्वाचे विश्लेषण केले. जेम्सने एकट्या व्यक्तीवर इतका भर दिला की सामुदायिक उपासना त्याच्या चौकटीबाहेरच राहिली. मानवशास्त्रज्ञ तान्या लुरमन यांनी अमेरिकन इव्हँजेलिकल (बायबल व वैयक्तिक श्रद्धेवर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट) मंडळ्यांत केलेल्या आणि २०१२ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या अभ्यासात ती उणीव काही अंशी भरून निघते. देवाचा आवाज ओळखणे हे तेथे शिकण्याचे कौशल्य असते, आणि कल्पनेत तल्लीन होण्याची क्षमता ज्यांच्यात जास्त त्यांना तो अधिक सहज ऐकू येतो, असे त्यांना आढळले. देव आहे की नाही, याचा निर्णय या निरीक्षणातून लागत नाही, असेही त्या स्पष्ट करतात. मनापासून प्रार्थना करूनही असा अनुभव आला नाही, असे सांगणारे सदस्यही त्यांना त्याच मंडळ्यांत भेटले.