पार्श्वभूमी : भाडेकरूंचा सौदा आणि कामगारांचे वजन

कामगार संघटना आणि भाडेकरू एकत्र आले की स्कॉटलंडमधल्या 1915 च्या ग्लासगोचा दाखला हमखास निघतो. युद्धसाहित्याच्या कारखान्यांमुळे शहरात माणसे लोटली आणि मालकांनी भाडी चढवली. बायकांनी पुढे होऊन भाडेबंदी पुकारली. नोव्हेंबरपर्यंत सुमारे 20,000 कुटुंबे तीत उतरली होती. पारडे फिरले ते 17 नोव्हेंबरला. थकबाकी पगारातून वळती करून घेण्यासाठी भरलेले दावे त्या दिवशी सुनावणीला होते, आणि जहाजबांधणी व दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार काम टाकून कोर्टासमोर जमले. वर्ष सरायच्या आत भाडी ऑगस्ट 1914 च्या पातळीवर गोठवणारा कायदा झाला. मालकाशी एकत्रितपणे वाटाघाटी करण्याचा हक्क मात्र त्यात नव्हता.

तो स्वीडनमध्ये रुजला. 1978 च्या कायद्याने तिथे भाडेवाढ ही मालक आणि भाडेकरू संघटना यांनी बसून ठरवण्याची बाब झाली. 2021 मध्ये नव्या घरांना बाजारभावाने भाडे लावण्याचा विषय निघाला, तर थेट पंतप्रधानांवर अविश्वास ठराव मंजूर झाला. भाड्यावरून सरकार गडगडणे आपल्याला नवलाचे वाटेल.

सध्याची चर्चा फिरते ती सॅन फ्रान्सिस्कोच्या 2022 च्या शहर-कायद्याभोवती. भाड्याची 5 किंवा अधिक घरे असलेल्या इमारतीत किमान निम्म्या वसत्या घरांच्या सह्या झाल्या, की संघटनेला मान्यता मिळते. मालकाने तिच्याशी प्रामाणिकपणे विचारविनिमय करायचा. टाळाटाळ केली तर भाडे कमी करून मागता येते. घोळ आहे तो या ‘विचारविनिमय’ शब्दात. समर्थक त्याला सामूहिक सौदाच म्हणतात, म्हणजे कामगार संघटना करारासाठी मालकाशी करते तशी बोलणी. मराठीत तर आपण दोन्हींना ‘वाटाघाटी’ म्हणून मोकळे होतो. पण विचारविनिमयातून करार निघायलाच हवा असे नाही.

याचा अर्थ कामगारांना कायद्याने फार मोठे काही दिले आहे, असेही नाही. अमेरिकेच्या 1935 च्या कामगार कायद्याने मालकांवर सौद्याला बसण्याचे बंधन घातले. 1947 च्या दुरुस्तीने स्पष्ट केले, की समोरची मागणी मान्य करण्याची किंवा सवलत देण्याची सक्ती नाही. कागदावरचा फरक म्हणजे दिसतो त्याहून कमीच. खरा फरक बैठक फिसकटल्यावर कळतो. संपाला, अटी-शर्तींसह का होईना, कायद्याचे संरक्षण आहे. भाडे रोखणारा भाडेकरू मात्र बहुतेक ठिकाणी सरळ थकबाकीदार ठरतो आणि घराबाहेर काढला जाऊ शकतो. कामगार आपले श्रम रोखतो; भाडेकरू रोखतो ते पैसे, जे कराराने मालकाचे मानले जातात. ही उणीव 2022 च्या कायद्यानेही भरून काढलेली नाही, आणि समर्थक तिच्याबद्दल कमी बोलतात.

म्हणूनच भाडेकरूंना कामगार संघटनांचे वजन हवेसे वाटते. संघटनांनाही भाडेकरूंची गरज आहेच, कारण पगारवाढ घरभाड्यातच जिरते. शिकागोच्या शिक्षकांनी 2019 च्या संपाच्या वेळी परवडणाऱ्या घरांची मागणी करारात आणायचा प्रयत्न केला. हा कराराचा विषय नव्हे, अशी शहराची भूमिका होती. 2023 च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या सरकारी विद्यापीठाने 4 अब्ज डॉलर एका बड्या गुंतवणूक कंपनीच्या मालमत्ता निधीत घातले, किमान 11.25 टक्के वार्षिक परताव्याच्या बोलीवर. त्या निधीकडे भाड्याच्या घरांचा मोठा साठा होता. हा परतावा भाडेकरूंच्याच खिशातून निघणार, असे म्हणत विद्यापीठातल्या कामगारांच्या संघटनेने त्याला विरोध केला.