फ्युचुरामा : एक नाव, तीन कारखाने

पन्नास-साठच्या दशकांतल्या युरोपीय इलेक्ट्रिक गिटारच्या डोक्यावरचं नाव पाहून ती कोणी बनवली हे सांगता येत नाही. अमेरिकेतल्या फेंडर किंवा गिब्सनच्या बाबतीत नाव आणि कारखाना एकच. युरोपात मात्र ते नाव बरेचदा आयातदाराने चिकटवलेलं असे. आयातदार माल बदलायचा, नाव तेच ठेवायचा. लंडनच्या सेल्मर कंपनीने विकलेली ‘फ्युचुरामा’ हे याचं सर्वांत चांगलं उदाहरण. या नावाची गिटार हाती आली की आधी कारखाना ठरवायचा, मग साल, आणि किंमत सगळ्यांत शेवटी.

हे नाव जन्माला आलं ते ब्रिटनच्या डॉलरटंचाईमुळे. युद्धानंतर परकीय चलन वाचवण्यासाठी ब्रिटिश सरकारने १९५१ मध्ये अमेरिकी वाद्यांच्या आयातीवर निर्बंध घातले, ते १९५९ पर्यंत टिकले. नेमक्या याच काळात तिकडे रॉक अँड रोल आला, फेंडरची स्ट्रॅटोकास्टर (१९५४) आली आणि ब्रिटिश पोरांना ती फक्त रेकॉर्डच्या वेष्टनांवर दिसू लागली. गायक क्लिफ रिचर्डने आपल्या गिटारवादक हँक मार्विनसाठी अमेरिकेतून स्ट्रॅटोकास्टर मागवली ती १९५९ मध्ये. तोवर दुकानदारांनी युरोपभर पर्याय धुंडाळले. पश्चिम जर्मनीतून हॉफनर आणि फ्रामुस आल्या, हॉलंडमधून एगमंड. सेल्मरला सर्वांत ‘अमेरिकी’ दिसणारी गिटार सापडली ती पोलादी पडद्याआड.

चेकोस्लोव्हाकियात, दक्षिण बोहेमियातल्या ब्लाटना गावात ड्रेव्होकोव्ह नावाची सहकारी संस्था होती. तिथे पन्नासच्या दशकाच्या मध्यावर ‘रेझोनेट ग्राझिओझो’ तयार झाली. भरीव लाकडाचं, दोन बाजूंनी शिंगं काढलेलं अंग, तारांचं कंपन विजेत बदलणारे तीन सिंगल-कॉइल (एकेरी गुंडाळीचे) पिकअप आणि प्रत्येकाला स्वतंत्र स्विच, सहाही खुंट्या डोक्याच्या एकाच बाजूला, वर व्हायब्रेटोची, म्हणजे सूर हलवायची दांडी. लांबून पाहिलं तर स्ट्रॅटोकास्टरच वाटावी. जवळून तसं वाटत नाही. स्ट्रॅटोकास्टरवर एकच निवड-स्विच असतो. इथे तीन स्विचांमुळे पिकअपची कोणतीही जोडी, अगदी तिन्ही एकत्र लावता येतात. सेल्मरने ती आधी ग्राझिओझो म्हणून आणि मग फ्युचुरामा म्हणून विकली.

लिव्हरपूलच्या हेसी दुकानातून बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने १९५९ मध्ये अशीच एक हप्त्यांवर घेतली आणि कॅव्हर्न क्लबपासून हॅम्बुर्गपर्यंत वाजवली. ती वाजवायला अवघड होती, तारा फार उंच होत्या, असं तो नंतर सांगत असे. ही तक्रार खरी मानायला हरकत नाही. पहिल्या पिढीच्या या गिटारींची मान जाड असते. पुढे नावाजलेले गिटारवादक जिमी पेज आणि अल्बर्ट ली यांच्याही सुरुवातीच्या गिटारींत ग्राझिओझो होती. म्हणजे स्वस्त नक्कल असा शिक्का मारून तिला बाजूला सारणं चूक ठरेल.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस उत्पादन ब्लाटनाहून ह्रादेत्स क्रालोवेच्या निओटोन कारखान्याकडे गेलं आणि तिथल्या गिटारी पुढे ‘योलाना’ या नावाने प्रसिद्ध झाल्या. निर्यातीच्या मालावर फ्युचुरामा हे नाव होतंच. मग १९६३ च्या सुमारास सेल्मरने पुरवठादारच बदलला. आता फ्युचुरामा येऊ लागली स्वीडनच्या एल्व्हदालेन गावातून, हॅगस्ट्रॉमच्या कारखान्यातून. हॅगस्ट्रॉम मुळात ॲकॉर्डियनवाले. १९५८ मध्ये त्यांनी इलेक्ट्रिक गिटारी सुरू केल्या तेव्हा चमचमतं सेल्युलॉइड (जुन्या प्रकारचं प्लास्टिक) आणि बटणांचे स्विच ॲकॉर्डियनच्या खात्यातूनच उचलले. इटलीत रेकानातीच्या एको कंपनीचं मूळही ॲकॉर्डियनमध्येच, म्हणून या दोन्हींच्या सुरुवातीच्या गिटारी बहिणी वाटतात आणि घाईत ओळखण्यात गफलत होते.

हॉफनरची गोष्ट थोडक्यात. बोहेमियातल्या शोनबाख (आजचं लुबी) गावचे जर्मन वाद्यकार युद्धानंतर हाकलले गेले आणि बव्हेरियात, मुख्यतः बुबेनरॉइटला वसले. हॉफनर घराणं त्यांच्यातलंच. त्यांच्या गिटारींना जर्मनीत नुसते क्रमांक असत. ब्रिटनसाठी त्याच घराण्याच्या गिटारींना सेल्मरने प्रेसिडेंट, सेनेटर, कमिटी, क्लब अशी नावं दिली. म्हणून ब्रिटिश नग ओळखताना जर्मन कॅटलॉग एकटा पुरत नाही.

आता हातात गिटार घेऊन काय पाहायचं? कारखाना ठरवायला मान पुष्कळ सांगते. चेक मान हाताला भरीव लागते. हॅगस्ट्रॉमची मान लक्षात येण्याइतकी पातळ असते, कारण आतली ताण-पट्टी नेहमीच्या गोल सळईऐवजी ॲल्युमिनियमच्या विशिष्ट छेदाची असल्याने बारीक मानही वाकत नाही. मग हार्डवेअर पाहावं. जुन्या युरोपीय गिटारींना मेट्रिक आट्यांचे, सरळ खाचेचे स्क्रू असतात. मध्येच एखादा चकचकीत फुली-खाचेचा स्क्रू दिसला तर तिथे कुणाचा तरी हात लागला आहे. अमेरिकी पोटेन्शिओमीटरवर (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागावर) उत्पादकाचा आणि आठवड्याचा सांकेतिक क्रमांक असतो, त्यावरून साल काढायची सवय अनेकांना असते. युरोपीय पोटेन्शिओमीटरवर तो बहुधा नसतो. उलट एखाद्या चेक गिटारमध्ये अमेरिकी संकेताचा पोटेन्शिओमीटर सापडला तर तो बदललेला आहे असं समजावं.

आवाजाचा सॉकेट हमखास बदललेला असतो. मध्य युरोपातल्या अनेक गिटारींना मूळचा डिन (जर्मन मानक) पद्धतीचा, पिनांचा सॉकेट असे. वापराच्या सोयीसाठी लोकांनी ६.३ मिमी जॅक बसवला. भोक मोठं केलेलं नसेल आणि जुना सॉकेट पेटीत जपलेला असेल तर हे फारसं मनावर घेऊ नये. लाकूड कोरलेलं असेल तर मात्र किंमत उतरते.

पिकअप तपासायला मल्टीमीटर पुरतो. २० किलोओहमची रेंज लावायची, व्हॉल्यूम पूर्ण उघडायचा, एका वेळी एकच पिकअप चालू ठेवून जॅकवर रोध मोजायचा. एकाच संचातल्या तिघांचे आकडे जवळपास यायला हवेत. एक फारच वेगळा असेल तर तो पुन्हा गुंडाळलेला किंवा बाहेरून आणलेला असू शकतो. आकडाच आला नाही तर लगेच पिकअप मेला म्हणू नये. जुने स्विच आधी स्वच्छ करून दहा-वीस वेळा पुढेमागे करावेत, कारण काळवंडलेले संपर्क हेच नेहमीचं दुखणं. तरीही आकडा येत नसेल, तर गुंडाळीची तार तुटली आहे. ती बहुतेक वेळा टोकाला, डाख लावलेल्या जागी गंजून तुटते आणि दुरुस्त होते. तारेच्या वाटेत नटनंतर (डोक्याजवळच्या, तारा टेकणाऱ्या खाचांच्या पट्टीनंतर) लगेच एक जादा फ्रेट, म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी, दिसला तर ती चूक नव्हे. तो झिरो फ्रेट, युरोपीय पद्धतच तशी. त्यावर पडलेल्या खाचा मात्र तपासाव्यात, मोकळ्या तारा खरखरतात त्या तिथेच.

रंग मूळचा आहे का हे पाहायचं तर अतिनील टॉर्चखाली जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर फिकट हिरवट-पिवळं चमकतं, नंतर लावलेला थर काळपट राहतो. पॉलिएस्टर रंगांना ही कसोटी लागू नाही. पिकगार्ड (तारांखालची संरक्षक पट्टी) काढून बुजवलेली भोकं शोधणं त्याहून खात्रीचं.

खरा शत्रू सेल्युलॉइड. ते कुजताना कापराचा उग्र वास येतो, काठ कुरकुरीत होऊन तडे जातात आणि त्यातून निघणाऱ्या आम्ल वाफांनी आजूबाजूचे फ्रेट आणि स्क्रू हिरवे पडतात. अशी गिटार बंद पेटीत ठेवणं म्हणजे कीड लागलेला आंबा पेटीतच राहू देणं. पेटी उघडी ठेवावी, कुजलेला भाग काढून वेगळा, हवेशीर ठेवावा, आणि जवळपास काडी ओढू नये. सेल्युलॉइड भकन पेटतं.

किमतीकडे येताना हॅरिसनची गिटार बाजूला ठेवावी. १९६४ मध्ये ती ‘बीट इन्स्ट्रुमेंटल’ मासिकाच्या स्पर्धेचं बक्षीस होती, विजेत्याने गिटारऐवजी पैसे घेतले. २०२४ च्या नोव्हेंबरात जूलियन्सच्या लिलावात ती सुमारे १२.७ लाख डॉलरला गेली. हे मोल जॉर्जच्या हाताचं. साध्या फ्युचुरामासाठी हा आकडा दाखवणाऱ्या विक्रेत्याशी बोलणं तिथेच थांबवावं. तुलना करायची ती प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या नगांशी, मागितलेल्या भावांशी नाही. लिलावाचा आकडा असेल तर त्यात खरेदीदाराचं कमिशन धरलं आहे की नाही तेही पाहावं. अमेरिकी गिटारींच्या बाजारात पुन्हा रंगवलेल्या नगाची किंमत ढोबळमानाने निम्मी धरतात. आमच्या मते युरोपीय गिटारींत रंगापेक्षा सुट्या भागांना जास्त वजन द्यावं. रंगारी कुठेही मिळतो, ग्राझिओझोची मूळ व्हायब्रेटो दांडी किंवा स्विचची टोपी मिळवायला दुसरी गिटारच मोडावी लागते. त्यामुळे रंग उडालेली पण संपूर्ण गिटार, चकाचक पण उसन्या भागांच्या गिटारपेक्षा वरची धरावी.

परदेशातून मागवणार असाल तर फिंगरबोर्डचं लाकूड लेखी विचारून घ्या. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून साइटीस (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) या कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि परवान्याशिवाय सीमा ओलांडू शकत नाही. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना मिळालेली सूट इतर रोझवूडपुरती आहे, याला लागू नाही.