नेपल्समध्ये पिझ्झा गल्लीत आणि मासे बंदरावर, हे असं कसं झालं?

इटलीतल्या नेपल्सला निघालेले लोक हमखास विचारतात की पिझ्झा पण चांगला आणि मासे पण चांगले असं एकच हॉटेल सांगा ना. तिथल्या माणसाला हा प्रश्नच विचित्र वाटतो. त्याच्या लेखी पिझ्झा खायचा तो जुन्या गावातल्या गल्लीत, पिझ्झेरियात, आणि शिंपले, ऑक्टोपस वगैरे खायचं तर बंदराकडे नाहीतर मासळी बाजाराच्या आसपासच्या खानावळीत जायचं. आता गंमत अशी की दोनशे वर्षांपूर्वी ही वाटणी नव्हतीच, मासे पिझ्झ्यावरच असायचे.

तेव्हाचं नेपल्स म्हणजे युरोपातल्या मोठ्या शहरांपैकी एक, राजा बुर्बोन घराण्यातला आणि खाली गल्ल्यांमध्ये हातावर पोट असलेली प्रचंड गर्दी. एका खोलीत अख्खं कुटुंब, स्वयंपाकाला धड जागा नाही, मग खाणं रस्त्यावरच. पिझ्झा विकणारी पोरं डोक्यावर पत्र्याचा गोल डबा घेऊन फिरायची, त्यात गरम पिझ्झे एकावर एक रचलेले. गिऱ्हाईकाला हवा तेवढाच तुकडा कापून द्यायचा, अख्खा पिझ्झा घ्यायची ऐपत कुणाची होती. वर काय असायचं तर तेल, डुकराची चरबी, लसूण, कधी चीज, कधी टोमॅटो, आणि कधी बारीक मासळी.

फ्रेंच कादंबरीकार अलेक्झांडर द्युमा १८३५ मध्ये तिकडे गेला होता, नंतर त्याने प्रवासवर्णन लिहिलं त्यात पिझ्झ्यावर मस्त लिहिलंय. त्याचं म्हणणं असं की पिझ्झा म्हणजे बाजाराचा थर्मामीटर. माशांचा पिझ्झा अर्ध्या ग्रानोला मिळाला की समजायचं मासेमारी चांगली झाली, आणि तेलाचा पिझ्झा एक ग्रानोला गेला की समजायचं पीक बुडालं. ग्रानो म्हणजे तिथलं तेव्हाचं छोटं नाणं. आठवडाभर शिळा पिझ्झाही गरीब लोक जहाजावरच्या बिस्किटासारखा खातात असंही त्याने लिहिलंय, पण तिथे ‘आठचा पिझ्झा’ म्हणतात त्याचा अर्थ नेपल्सवाले वेगळाच सांगतात, आज खा आणि आठ दिवसांनी पैसे दे. थोडक्यात उधारी. मला तरी हेच पटतं, आठ दिवसांचा पिझ्झा चावायला दात कुठून आणणार.

पिझ्झ्यावरच्या त्या मासळीला तिकडे ‘चेचिनिएल्ली’ म्हणतात, बोंबील-बांगडा डोळ्यांसमोर आणू नका, ही अगदी बोटाच्या पेरापेक्षा लहान, पारदर्शक पिल्लं असतात. भट्टीत गेली की पांढरी होतात.

मग ‘मारिनारा’ नावाचा पिझ्झा आला कुठून? नावावरून सगळे फसतात, मी पण फसलोय, कोळंबी शोधत बसलो आणि ताटात टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, बास. नाव दर्यावर्दी लोकांवरून पडलंय, समुद्रात काय मिळतं त्यावरून नाही.

बाहेरच्यांना मात्र हा प्रकार किळसवाणा वाटायचा. पिनोकियोची गोष्ट लिहिणारा कोल्लोडी १८८६ मध्ये लिहितो की करपलेली पोळी, वर लसूण, अँचोव्ही मासे आणि टोमॅटोचे तुकडे हे सगळं बघून घाण आठवते, विकणाऱ्याच्या अवतारासारखीच. दोनच वर्षं आधी, १८८४ ला, शहरात कॉलऱ्याने हजारो माणसं गेली होती, त्यामुळे नेपल्सच्या गल्लीतलं काहीही तोंडात घालायला लोक दचकत असणार. रोममध्ये कुणीतरी पिझ्झेरिया काढून बघितला तर सुरुवातीची नवलाई संपल्यावर तोही बसला.

१८८९ ची इटलीची राणी मार्गेरिताची गोष्ट सगळ्यांना माहितीये, नेपल्सच्या पिझ्झावाल्या राफाएले एस्पोसितोने तिच्यासाठी टोमॅटो, मोझ्झारेला आणि बेसिल घालून इटलीच्या झेंड्याच्या रंगाचा पिझ्झा केला वगैरे. तिचं आभाराचं पत्र दाखवतात त्यावर इतिहासकारांनी शंका घेतलीये आणि बेसिल-मोझ्झारेलाचा पिझ्झा त्याआधीही व्हायचा. पण गोष्ट चालली, आणि तिच्यात मासा नव्हता.

कॉलऱ्यानंतर जुनी वस्ती पाडून रुंद रस्ते काढले, समुद्रात भर घातली, सांता लुचिया या वस्तीतल्या कोळ्यांचा किनारा बदलला आणि समुद्रातल्या कास्तेल देल्ल’ओवो किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांना नवी घरं बांधून दिली, तोच आजचा बोर्गो मारिनारी. आज तिथे कोळी कमी आणि टेबलं जास्त. सांता लुचियाच्या नावाचा ऑक्टोपस मात्र टिकला, मातीच्या भांड्यात झाकण घट्ट लावून टोमॅटो, ऑलिव्ह आणि केपर्सच्या खारवलेल्या कळ्यांसोबत मंद आचेवर त्याच्याच पाण्यात शिजवतात.

पुढे १९७३ मध्ये परत कॉलरा आला. यावेळी संशय शिंपल्यांवर, कारण कच्चे शिंपले लिंबू पिळून खायची तिथे जुनी सवय. किनाऱ्यावर शिंपले वाढवायची जागा होती ती सरकारने उखडून टाकली, शहरभर लसीसाठी रांगा. मासे विकणाऱ्यांचं काय झालं असेल विचार करा. आजही तिथे शिंपले बहुतेक शिजवूनच मागतात, भरपूर मिरीपूड घालून उकळलेले.

पिझ्झ्याचं उलट होत गेलं. १९८४ मध्ये अस्सल पिझ्झ्यासाठी संघटना निघाली, २०१० मध्ये युरोपियन युनियनने नियम नोंदवले आणि त्यात प्रकार दोनच, मारिनारा आणि मार्गेरिता, भट्टी ४८५ अंश सेल्सिअसच्या आसपास, दीड मिनिटात पिझ्झा बाहेर. २०१७ ला पिझ्झा करणाऱ्यांची कला युनेस्कोच्या यादीत गेली. आणि त्याच २०१० मध्ये बारीक जाळ्याने माशांची पिल्लं पकडायची सवलत संपली, म्हणजे चेचिनिएल्ली नियमातही नाही आणि जाळ्यातही नाही.

म्हणून आज १८७० च्या दा मिकेले पिझ्झेरियासमोर रांग लावायची ती या दोन पिझ्झ्यांसाठीच, आणि माशांसाठी पोर्ता नोलाना किंवा पिन्यासेक्काच्या बाजारात जायचं, तिथे कागदाच्या शंकूत तळलेली मासळी हातात देतात, ती उभ्या उभ्या खायची. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी तिथे असाल तर शिंपल्यांचं तिखट सूप चुकवू नका. त्याची दंतकथा अशी की बुर्बोन राजा फेर्दिनांदोला एका पाद्रीने पवित्र आठवड्यात जिभेवर ताबा ठेवायला सांगितलं, तर त्याने भारी पदार्थ सोडले आणि साधे शिंपले मागवले, वर मिरच्यांचा झणझणीत रस ओतून.