यकृताच्या पेशींपासून राजारामपुरीच्या शोकेसपर्यंत

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या मेडिकलमध्ये कोल्ड क्रीमच्या शेजारी आता ड्रॉपरच्या बाटल्या आल्यात. वर ठळक अक्षरांत ‘पेप्टाइड’, म्हणजे प्रथिनाचा छोटासा तुकडा. लग्नसराईत पार्लरवाल्या ताईही तेच सुचवतात.

या प्रकरणाची सुरुवात मात्र सुरकुत्यांपासून झालेली नाही. वयस्कर माणसांच्या यकृताच्या पेशी तरुणांच्या रक्तद्रवात ठेवल्या, की त्या तरुण पेशींसारख्या वागू लागतात, असं अमेरिकेतल्या लॉरेन पिकार्ट यांना दिसलं. त्यामागचा घटक १९७३ मध्ये हाती लागला: अवघ्या तीन अमिनो आम्लांचा, तांब्याला धरून ठेवणारा. जखमा भरण्यासाठी त्याचा अभ्यास झाला आणि तिथून तो ‘कॉपर पेप्टाइड’ म्हणून क्रीममध्ये शिरला.

मोठी कलाटणी १९९३ची. त्वचेला घट्ट धरणारं प्रथिन, म्हणजे कोलॅजेन, हा गुजरीतल्या सराफाकडचा अख्खा साज धरला, तर पेप्टाइड म्हणजे त्यातली सुटी चार-पाच पानं. कोलॅजेनच्या कच्च्या साखळीतला असाच पाच अमिनो आम्लांचा तुकडा पेशींना नवं कोलॅजेन बनवायला लावतो, हे प्रयोगशाळेत दिसलं. पण काचेच्या बशीतल्या पेशी वेगळ्या, गालाची कातडी वेगळी. बाहेरचं बाहेर ठेवणं हेच तर कातडीचं काम! साधारण ५०० डाल्टनच्या (रेणूचं वजन मोजायचं एकक) वरचे रेणू ती सहसा आत घेत नाही. वर हा तुकडा पाण्यात रमणारा. फ्रान्सच्या सेडर्मा कंपनीने त्याला पामिटिक आम्लाची तेलकट शेपटी जोडली. वजन वाढून ८०० डाल्टनपर्यंत गेलं, तरी तेलाच्या अंगाने तो त्वचेत शिरायला सोपा झाला. हेच मॅट्रिक्सिल.

मॅट्रिक्सिलच्याच सुमारास स्पेनमधून आर्जिरेलिन हे दुसरं पेप्टाइड आलं. स्नायूला आखडण्याचा निरोप देणाऱ्या यंत्रणेत अडथळा आणायचा, ही त्यामागची कल्पना. ‘सुईविना बोटॉक्स’ हा दावा मात्र जाहिरातवाल्यांचा. इंजेक्शन थेट स्नायूत जातं, क्रीम वरच राहतं.

पुरावे अगदीच नाहीत असंही नाही. २००५ मध्ये ९३ स्त्रियांवर १२ आठवडे झालेल्या मॅट्रिक्सिलच्या चाचणीत बारीक रेषा थोड्या कमी झाल्या. संशोधक क्रीम विकणाऱ्या कंपनीचेच होते, हेही ध्यानात घ्यायला हवं. पेप्टाइडचं प्रमाण होतं दहा लाख भागांत तीन, म्हणजे ३० ग्रॅमच्या डबीत ९० मायक्रोग्रॅम.

इतकं कमी लागत असल्यामुळे बाटलीमागची यादी वाचूनही फारसा उलगडा होत नाही. एक टक्क्याखालचे घटक कंपनीला हव्या त्या क्रमाने छापता येतात. ‘पामिटॉइल पेंटापेप्टाइड-४’ (यादीतलं मॅट्रिक्सिलचं नाव) सुगंधाच्या आधी आहे की नंतर, यावरून बाटलीत ते किती आहे याचा पत्ता लागत नाही.