को-वर्किंग कार्यालये, पुणे

एकमेकांशी धंद्याचा संबंध नसलेल्या व्यक्तींनी आणि कंपन्यांनी एकाच कार्यालयात सीटच्या हिशेबाने, दिवसासाठी किंवा महिन्यासाठी जागा घेऊन काम करणे म्हणजे को-वर्किंग. टेबल-खुर्ची, इंटरनेट, वीज, एसी, सफाई आणि चहा-कॉफी चालकाकडे, म्हणजे कार्यालय चालवणाऱ्याकडे. ग्राहकाने लॅपटॉप घेऊन यायचे. पुण्यात अशी कार्यालये मुख्यतः बाणेर, बालेवाडी, खराडी, विमाननगर, कल्याणीनगर, कोरेगाव पार्क आणि शिवाजीनगर या भागांत आहेत.

तयार कार्यालय भाड्याने देणारी रीजस ही कंपनी १९८९ मध्ये ब्रुसेल्समध्ये सुरू झाली. को-वर्किंग हा शब्द आजच्या अर्थाने रूढ झाला तो सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्रॅड न्यूबर्ग या प्रोग्रॅमरमुळे. २००५ मध्ये त्याने आठवड्यातून दोन दिवस एक जागा घेऊन टेबले मांडली. सुरुवातीला तिकडे कोणी फिरकलेच नाही. पुण्याला मात्र महिन्याच्या पैशावर खुर्ची घेणे नवे नव्हते. सदाशिव आणि नवी पेठेतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची मुले हेच करत आली आहेत : प्लायवूडचे पार्टिशन, प्लग पॉइंट, लॉकर, वायफाय आणि आगाऊ भरलेला महिना. फरक एवढाच, की अभ्यासिकेत कुजबुजले तरी माना वळतात आणि को-वर्किंगमध्ये प्रत्येक जण दिवसभर फोनवर असतो.

या जागांच्या रचनेतला अवघड भाग त्या फरकातून येतो. काचेच्या केबिन दिसायला सुरेख, पण पार्टिशन फॉल्स सीलिंगपाशीच थांबवले, तर शेजारच्या केबिनमधली पगाराची बोलणी छतावरून सरळ ऐकू येतात. पार्टिशन वरच्या स्लॅबपर्यंत न्यायचे आणि आत आवाज अडवणारी काचलोकर भरायची, हा खर्चिक उपाय. खर्च दिसत नाही म्हणून तोच आधी कापला जातो. फोन बूथचेही तसेच. पंखा नसलेल्या बूथमध्ये दहा मिनिटांत घाम फुटतो, मग माणूस दार पायाने अडवून उघडे ठेवतो आणि बूथचा उपयोग संपतो. मीटिंग रूम काढून तिथे सहा सीट बसवल्या, तर कागदावर उत्पन्न वाढते, पण मीटिंगा टेबलांवर होऊ लागतात आणि शेजारचे लोक महिनाअखेरीस सोडून जातात. पँट्री दाराजवळ आणि टेबलांपासून लांब असावी, कारण दुपारी एकला मायक्रोवेव्हमध्ये डबे फिरू लागले की साऱ्या मजल्याला कोणाकडे काय भाजी आहे ते कळते. टेबल सहसा चार फूट बाय दोन फुटांचे असते. त्याहून आखूड झाले, की कोपराला कोपर लागतो.

पुण्याची म्हणून एक वेगळी अट आहे, ती गुरुवारची. महापालिका देखभालीसाठी पाणी बहुधा गुरुवारी बंद ठेवते, विजेची दुरुस्तीही अनेक भागांत त्याच वारी निघते. त्यामुळे डिझेल जनरेटर, पाण्याची मोठी टाकी आणि दोन वेगळ्या कंपन्यांची इंटरनेट जोडणी नसेल, तर बाकीची सजावट फुकट. दुचाकी पार्किंगचेही तेच.

जाहिरातीत मात्र यातले काही नसते. तिथे कुंड्या, बीन बॅग आणि हसरे चेहरे असतात. पाहायला आलेला माणूस विचारतो : गाडी कुठे लावायची, शनिवारी दुपारनंतर एसी चालतो का, डिपॉझिट किती महिन्यांचे? एक दिवस फुकट बसू देणे ही सर्वांत परिणामकारक जाहिरात, कारण आवाजाचा अंदाज फोटोवरून येत नाही. सांगितलेला दर आणि हाती येणारे बिल यांतही अंतर पडते. सीटला ८,००० रुपये म्हटले, तर १८ टक्के जीएसटी धरून ९,४४० होतात. मीटिंग रूमचे जादा तास आणि प्रिंटआउट निराळे.

फोटो हॉट डेस्कचे, म्हणजे रोज मिळेल त्या मोकळ्या टेबलाचे, काढले जातात, पण खरी विक्री होते ती केबिनची आणि कंपन्यांना पूर्ण मजला सजवून देणाऱ्या मॅनेज्ड ऑफिसची. हे ग्राहक बहुधा ब्रोकरमार्फत येतात. २०२० च्या लॉकडाउनमध्ये ही कार्यालये ओस पडली. पुढे किती माणसे परत येतील याचा अंदाज नसलेल्या कंपन्यांनीच ती भरली. कोथरूड-बाणेरच्या कर्मचाऱ्यांची हिंजवडीच्या आयटी पार्ककडे जाण्याची कोंडी टळावी, म्हणून बाणेरला वीसेक सीट घेणारे व्यवस्थापन हे त्यातले खास पुणेरी उदाहरण.

धंद्याची दुखरी नस अशी, की चालक इमारतमालकाशी अनेक वर्षांचा करार करतो आणि ग्राहकाला महिन्याच्या नोटिशीवर जाऊ देतो. मंदी आली, की भाडे चालू राहते आणि खुर्च्या रिकाम्या होतात. २०१० मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेल्या वीवर्क या को-वर्किंग कंपनीने २०१९ मध्ये शेअर विक्री मागे घेतली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. भारतात अव्फिस (Awfis) या कंपनीने मालकाला ठरलेल्या भाड्याऐवजी उत्पन्नात वाटा देण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली. ही कंपनी मे २०२४ मध्ये शेअर बाजारात आली. याच धंद्यातली स्मार्टवर्क्स जुलै २०२५ मध्ये आली.

कायद्याने सदस्याला सहसा भाडेकरूचे हक्क मिळत नाहीत. त्याला फक्त वापराची परवानगी असते. नुसता पत्ता विकण्याचा व्यवहारही जोरात आहे. चालक करार, वीजबिल आणि ना-हरकत पत्र देतो, त्यावर जीएसटी नोंदणी होते. कंपनी कायदा, २०१३ नुसार कंपनीने आपले नाव कार्यालयाबाहेर लावावे लागते, म्हणून रिसेप्शनमागच्या भिंतीवर लॅमिनेट केलेल्या पाट्यांची रांग दिसते. त्यांतल्या कित्येक कंपन्यांचे कोणी कधी येत नाही. त्यांची कुरिअर मात्र रिसेप्शनवरच्या ताई सही करून घेतात आणि टेबलाखालच्या खोक्यात ठेवतात.